तीन सूत

वादी कबीरमध्ये, टायरवाल्यांच्या गल्लीच्या शेवटी,
जिथं डोंगर रस्त्याला म्हणतो, बास, इथवरच,
तिथं आमचं गॅरेज.
शटरची उंची शहात्तर इंच पाच सूत.
मी स्वतः मोजली, तीनदा,
तिसऱ्यांदा टेप जरा सैल धरून.

गाडी अठ्ठ्याहत्तर,
तीही टपावरचा कॅरियर उतरवल्यावर.
एकोणीसशे चौऱ्याहत्तरची, कैरीच्या रंगाची,
आत दोन शेगड्यांचा ओटा, वीतभर बेसिन,
खिडक्यांना ठिपक्यांचे पडदे.
थोरवाल्डसाहेब तिच्यात झोपत झोपत
सलालाला जाऊन आला होता, अकरा वेळा.
आता गुडघे बदलायला मायदेशी निघाला होता.
'ऑक्टोबरात येतो,' म्हणाला,
'तोवर हिला ऊन लागू देऊ नका.'

जून होता.
पाना उचलायचा तर आधी फडकं शोधावं लागत होतं.

चाकांची हवा सोडली.
म्हैस पाण्यात बसते तशी बसली,
आधी मागून, मग पुढून, सुस्कारा टाकत.
एक इंच.
उरले तीन सूत.

गुल मोहम्मद म्हणाला, चौकट कापू.
चौकट मालकाची, भाडं आमचं, तेही दोन महिन्यांचं थकलेलं.
खानविलकर म्हणाला, जमीन खणू.
खणली असती, पण खाली डोंगराचंच मूळ.
मग सगळे गप्प, लबानच्या बाटल्या तोंडाला लावून
त्या तीन सुतांकडे बघत बसलो,
जणू बघून बघून ती झिजणार होती.

तेजबहादूर कधी बोलत नाही.
तो उठला, सरकतं दार ओढलं, आत जाऊन बसला.
गाडी किंचित खाली गेली.

मग काय विचारता.
गुल मोहम्मद चढला, पठाणी आवरत.
शेजारच्या रेडिएटरवाल्याची दोन पोरं चढली.
कुट्टप्पन, ज्याच्या पोटाची आम्ही रोज थट्टा करायचो,
त्याला पुढची सीट दिली, हाताला धरून, मानानं.
ज्यांच्या शब्दाला मस्कतमधल्या एकाही काउंटरवर
वजन नव्हतं कधी,
ते सगळे वजन म्हणून बसले,
मांड्यांना मांड्या लावून, श्वास रोखून
(श्वासाचं काय वजन, पण रोखला).
खानविलकरनं पहिला गिअर टाकला.
मी चौकटीपाशी स्टुलावर, टॉर्च धरून:
ये... ये... हसू नका रे, हलते... ये.
चौकटीनं छताची नुसती धूळ पुसली.

आत गेल्यावर एकेक उतरला.
प्रत्येकामागे गाडी थोडी वर आली,
शेवटी कुट्टप्पन उतरला तेव्हा चांगलीच.
गुल मोहम्मदनं मागे वळून चौकट पाहिली.
'निकालेंगे कैसे?'
आम्ही इतके हसलो की रेडिएटरवाला धावत आला.
पुन्हा बसू की, त्यात काय. ऑक्टोबर तर.

ऑक्टोबरात गुडघ्यांत पू झाल्याचं पत्र आलं.
त्यानंतरच्या ऑक्टोबरात पत्र नाही.
गुल मोहम्मद ग्वादरला गेला तो गेलाच.
कुट्टप्पनला मुलानं बोलावून घेतलं, साखर फार वाढली होती.
तेजबहादूर दोह्याला, न बोलता.
खानविलकर मुलीच्या लग्नाला गुहागरला गेला
आणि तिथं त्यानं पिठाची गिरणी टाकली म्हणे.

वाळूची पोती भरून काढता येईल, सगळे सांगतात.
वाळूला इथं काय तोटा.
मी हो म्हणतो.

दर शुक्रवारी, नमाजाची गर्दी ओसरली की
शटर वर करतो, चाकं पुसतो, तेल बघतो,
आणि आत जाऊन बसतो, कुट्टप्पनच्या जागी.
नवा पोरगा शाहीन, नोआखालीचा,
बाहेर स्टुलावर टेप धरून उभा.
कितना?
'बहुत कम है, चाचा.'
मग टेप खिशात टाकून तोही चढतो.
पाय आत घे, म्हणतो मी,
दार लागत नाहीये.